सशाचा रकाना

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, सणावाराला घरी येणाऱ्या आमच्या स्वामींनाही नाही—आणि आमच्या लिंगायतांत स्वामींपासून काही लपवायचं म्हणजे... असो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर म्हणाला असता, "बसप्पा? छे, तो कसला खोटं बोलतोय!" सगळे असंच म्हणतात. म्हणून तर इतकी वर्षं निभावलं.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. मी दुःखी माणूस नाही. ऐंशी ओलांडलीय. जळकोटला रस्त्याच्या कडेला माझं घर आहे. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, मग गरम भाकरी, शेंगादाण्याची चटणी आणि वर दह्याची कवडी. सून हाताला चवदार आहे, तोंडाला त्याहून. नातवंडं अंगाखांद्यावर खेळून मोठी झाली. दुपारी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतो, आणि रात्री पाठ टेकली की झोपतो. कबुली देणारी माणसं म्हणे तळमळतात. मी तळमळलो नाही. हेही माझ्या अपराधातच धरा—की इतकं करून मला झोप चांगली लागली.

केलं काय? माझ्या खोट्यापायी एका बाईचा जीव जाता जाता राहिला, आणि एका चांगल्या डॉक्टरानं हातातला चाकू खाली ठेवला तो कायमचा. बाई वाचली. डॉक्टरांचं मात्र—नाही, सरळ तिथं जाता येत नाही मला. जरा वळसा घालून येऊ द्या.

दिवस निजामाच्या राज्यातले, तिकडं महायुद्ध चाललेलं. घरात कानडी, अंगणात मराठी आणि शाळेत उर्दू अशा तीन भाषांत वाढलेला मी, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या कामाला लागलो होतो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्या इमारतीचा यात काही दोष नाही. एक खोली, एक खिडकी, एक दुर्बीण—सूक्ष्म बघायची—आणि काचेच्या नळ्या. वय चोवीस. गावाकडं आई सगळ्यांना सांगायची, "आमचा बसू रगात बघून माणसाचं पोट सांगतो." मीही ते खोडून काढत नसे.

आमचे डॉक्टर जाफरसाहेब हैदराबादेत शिकलेले. उंच, सावळे, पान खाणारे, आणि हात मात्र बाईमाणसासारखे नाजूक. चाकू लावण्याआधी ते रोग्याला हमखास विचारायचे, "गाव कुठलं? यंदा ज्वारी कशी आहे?" तो ज्वारीचं सांगायला लागला की नाकावर औषधाचा फडका ठेवायचे. ज्वारी सांगता सांगता लोक झोपायचे. दहा कोसांवरून माणसं यायची त्यांच्या हाताला.

साहेबांच्या डोक्यात त्या वर्षी एकच विषय होता—यकृत. कावीळ झालेली, जलोदरानं पोट फुगलेली माणसं आमच्याकडं पुष्कळ यायची. अशांचं रक्त कधीकधी लवकर गोठत नाही. यकृतच बिघडलं की रक्त गोठवणारा माल तयार होत नाही म्हणे. अशा माणसाला चाकू लावला आणि रक्त थांबलंच नाही तर? त्यावर 'के' जीवनसत्त्वाची इंजेक्शनं नुकतीच निघाली होती, पण युद्धामुळं ती मिळायची मारामार. कपाटात मोजकी नळकांडी. मग ती द्यायची कुणाला? कुणाचं रक्त थांबेल आणि कुणाचं नाही, हे आधी कळायचं कसं? साहेबांना ठरवायचं होतं ते एवढंच. त्यासाठी एकाच माणसावर तीन परीक्षा करायच्या आणि कोणती खरं बोलते ते ताडून बघायचं.

पहिली परीक्षा सोपी. कानाच्या पाळीला सुई टोचायची आणि दर अर्ध्या मिनिटाला टीपकागद लावायचा. डाग लहान लहान होत जातो, शेवटी पडेनासा होतो, वेळ मांडायची. दुसरी, बोटातलं रक्त केसासारख्या बारीक काचेच्या नळीत ओढून घ्यायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला नळीचा एकेक तुकडा मोडायचा. दोन तुकड्यांच्या मध्ये रक्ताचा धागा ताणला गेला, की गोठलं. तिसरी परीक्षा विलायतेहून नवी आलेली, साहेबांनी कुठल्याशा मासिकात वाचलेली. शिरेतून रक्त काढायचं, वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं, त्यात कॅल्शियमचं पाणी आणि सशाच्या मेंदूची पूड कालवून घड्याळ दाबायचं. निरोगी माणसाचं बारा-चौदा सेकंदांत गोठतं. आमची वही उर्दू, उजवीकडून डावीकडं लिहायची. तेव्हा कानाचा रकाना उजवीकडं, नळीचा मधे आणि सशाचा रकाना पार डावीकडं.

सशाच्या मेंदूची पूड—ती करायची कुणी? मी.

दवाखान्याच्या मागं दोन पिंजरे आले. मलमपट्टी करणारे इस्माईलभाई होते, ते ससा मारून मेंदू मला तामचिनीच्या वाडग्यात आणून देणार. पुढं मी तो तळहातावर घ्यायचा, त्यावरची पातळ साल बोटांनी सोलायची, खलात ॲसिटोन घालून घोटायचा आणि वाळवायचा.

तुम्ही म्हणाल, रक्त चालतं आणि मेंदू चालत नाही? हो, मला चालत नव्हतं. रक्त जित्या माणसाचं, त्याच्याच भल्यासाठी घेतलेलं. त्यात मारणं कुठं होतं? आणि आमचं कसं—गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, त्याच्याकडं बघत पूजा करायची. आमचं देऊळ म्हणजे तो तळहात. सकाळी जिथं देव बसवला तिथंच दुपारी मारलेल्या सशाचा मेंदू ठेवायचा? पहिला वाडगा समोर आला तेव्हा मी डावा हात पाठीमागं नेला.

मग नाही म्हणायचं होतं! कोण खाणार होतं मला? साहेब तर असे, की माझ्यासाठी न विचारता वेगळा माठ भरून ठेवला होता त्यांनी. एका शब्दात समजले असते. इस्माईलभाई मला लिंगायत म्हणून 'स्वामी' म्हणायचे. ते स्वतः म्हणाले, "स्वामी, तुमी व्हा बाजूला, म्या सोलतो. माजं काय जातंय?" किती सोपं होतं, बघा. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "छे छे, मी करतो. मला त्याचं काही नाही."

का? तर आदल्याच आठवड्यात दवाखाना बघायला एक बडे अंमलदार आले होते. त्यांच्यापुढं साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हमारे बसप्पा में ये छुआछूत-सोवळं कुछ नै. साइंस का आदमी है." साइंस का आदमी! ते शब्द मी विड्यासारखे चघळत होतो. देवापुढं सोज्वळ राहायचं होतं आणि साहेबांपुढं साइंसचा माणूस. दोन्ही दरडींवर पाय ठेवायला गेलो मी.

इस्माईलभाईंची पाठ वळल्यावर तो वाडगा उजव्या हातानं उचलला, मागं निंबाखाली खड्डा केला, त्यात मेंदू पुरला आणि वर माती लोटली. हात तीनदा धुतले. खोलीवर जाऊन ज्वारीचं पीठ करपेपर्यंत भाजलं, चाळलं आणि तपकिरी बाटलीत भरलं. बाटलीवर माझ्या उत्तम उर्दू अक्षरात चिठ्ठी डकवली—मग्ज-ए-खरगोश, सशाचा मेंदू. साहेबांनी बाटली उजेडात धरली, हलवली, खूश झाले. "वाह बसप्पा, बहुत बारीक पीसे!"

पिठानं परीक्षा कशी होणार? केलीच नाही मी. पडदा ओढून आत बसायचो, साहेबांना ऐकू जाईल असं घड्याळ दाबायचो, पुन्हा दाबायचो. मधल्या रकान्यात नळीची वेळ बरी असली तर डावीकडं तेरा-चौदा सेकंद लिहायचो. नळीची थोडी लांबली असली तर अठरा, वीस. अंदाजपंचे दाहोदरसे. आठवड्यामागून आठवडे गेले. पूड संपलेली दिसावी म्हणून मी बाटली रिकामी करायचो, मग नवा ससा मारला जायचा आणि मी त्याचा मेंदू पुरायचो. माझा तळहात शुद्ध राहावा म्हणून किती मुके जीव फुकट मेले! मी सोलले असते तर निदान कुणाच्या कामी आले असते. हा हिशेब तेव्हा मला सुचला नाही असं नाही. सुचला, आणि मी भाकरी खाऊन झोपलो.

साहेब मात्र वही बघून हिरमुसायचे. त्यांचा कयास असा होता, की कावीळवाल्यांत पहिल्या दोन परीक्षा गप्प बसतील आणि तिसरी बोलेल. इथं तर तिघींचं एकच म्हणणं. "तीनों एकीच बात बोलते, बसप्पा," ते मान हलवत म्हणायचे. एकच बोलणार नाहीत तर काय? तिन्हींचं तोंड मीच होतो.

इथवर खोटं होतं ते कागदावर. मग कोंडाबाई आली.

तामलवाडीची शेतकरीण, तिशीतली, अंगानं किरकोळ, डोळे हळदीसारखे पिवळे. पित्ताच्या वाटेत खडा अडकला होता. नवरा निवृत्ती तिला बैलगाडीत गवतावर निजवून घेऊन आला. खाणं सुटलेलं, अंगाला खाज, पण तोंड चालू. मी तिच्या कानाची पाळी धरली तशी म्हणाली, "कान सोनारानं टोचावा म्हनत्यात. तुमी कोन वो?" मी म्हटलं, "आम्ही सरकारी सोनार." ती हसली, आणि हसता हसता तिच्या कानाचं रक्त टीपकागदावर वेळेत थांबलंही. नळीतही वेळेत गोठलं. दोन्ही रकाने झकास.

साहेब दारात येऊन उभे राहिले. खडा काढायलाच हवा होता. पण तिसऱ्या परीक्षेत रक्त बिघडलेलं निघालं, तर आधी चार-सहा दिवस इंजेक्शनं द्यायची आणि मगच चाकू लावायचा. बरं निघालं, तर उद्याच मोकळी करायची. "तिसरा देखो, फिर मैं तय करतौं," ते म्हणाले आणि गेले.

मी पडदा ओढला. समोर तिचं रक्त, पिवळं पाणी वर आलेलं. हाताशी भाजलेल्या पिठाची बाटली. आत्ता उठावं आणि सांगावं—साहेब, मला हिचं रक्त कसं आहे ते ठाऊक नाही. एवढंच सांगायचं होतं. पण हिचं सांगितलं की मागच्यांचंही आलं. एक आकडा खोटा असता तर सांगितला असता हो. इथं अख्खी वही खोटी होती. पिंजऱ्यातले ससे, इस्माईलभाई, साइंस का आदमी—सगळंच उघडं पडलं असतं. बाहेरून कोंडाबाईचा आवाज येत होता. नवऱ्याला सांगत होती, म्हशीला आंबोण घालायला कुणाला तरी सांगून ठेवा. मी घड्याळ दोनदा दाबलं आणि लिहिलं—चौदा.

साहेबांनी आकडा वाचला, इंजेक्शनाची नळकांडी कपाटात परत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टेबलावर घेतलं. तामलवाडीच्या ज्वारीचं सांगता सांगता ती झोपली. चिंचोक्याएवढा खडा निघाला. साहेबांनी तो धुऊन निवृत्तीच्या हातावर ठेवला आणि सगळ्यांनी एकेक कप चहा घेतला. मीही घेतला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी लाल झाली. बदलली, पुन्हा लाल. कुठली एक नस उडत होती असं नव्हे. जखम सगळीकडून पाझरत होती, मडकं पाझरतं तशी. साहेबांनी आत कापडाच्या घड्या दाबून भरल्या, तरी थांबेना. कोंडाबाईचं तोंड पहिल्यांदा बंद झालं. निवृत्ती भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, खडा अजून मुठीत.

साहेब मला म्हणाले, "तिसरा फिर से करो. जल्दी."

तुम्हाला वाटेल, आता तरी याची जीभ उचलली असेल. बाई डोळ्यांदेखत चाललीय, एका शब्दाचं काम आहे. नाही उचलली. मी आत गेलो, बसलो, बाहेर आलो आणि सांगितलं—"पंधरा सेकंद, साहेब."

त्यांचा चेहरा उतरला. रक्त ठीक आहे, तरी वाहतंय. म्हणजे मग दुसरंच काही. ते आपल्या हातांकडं बघायला लागले. तेवढ्यात मी म्हणालो, "साहेब, तरी इंजेक्शनं देऊन बघू या की." ते म्हणाले, तुझी परीक्षा तर नको म्हणते. मी म्हणालो, "असू द्या साहेब, गरीब बाई आहे, देऊन टाका. आणि रक्त लागलं तर माझं घ्या." बघा माझी चलाखी! आकडा बदलायचा नव्हता, आणि बाई मरायलाही नको होती. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, केवढं हे काळीज.

कुणाचं रक्त जुळतं ते बघायचं कामही माझंच. हे काम मात्र मी खरं केलं, देवाशप्पथ. निवृत्तीच्या रक्ताचे काचेवर गोळे झाले. इस्माईलभाईंचे झाले. माझं तिच्या रक्तात दुधात दूध मिसळावं तसं मिसळलं. माझ्या दंडातून बाटलीभर काढून तिच्या दंडात सोडलं, जोडीला इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाझर मंदावला, तिसऱ्या दिवशी थांबला. चौथ्या दिवशी तिनं निवृत्तीला विचारलं, म्हैस किती देतीय?

वाचली! आजही लिहिताना बरं वाटतं. आणि मी? मी देवमाणूस झालो. लिंगायताच्या पोरानं शेतकऱ्याच्या बाईला आपलं रक्त दिलं, ही बातमी तुळजापूरच्या बाजारात पोचली. जायच्या दिवशी कोंडाबाई माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. मी मागं सरलो तर म्हणाली, "दादा, तुमचं रगात माज्या अंगात हाय. आता मला पाठचा भाऊ न्हाय असं कोन म्हनंल?"

त्या दिवाळीपासून भाऊबीज सुरू झाली. मी तामलवाडीला जायचो, नाही जमलं तर ती जळकोटला यायची. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ना? माझ्या कपाळी चाळीसवर वर्षं कुंकवाचा टिळा लागला. पहिल्यांदा ओवाळून घेताना मान वर होत नव्हती. दुसऱ्या वर्षी झाली. तिसऱ्या वर्षी मी तिच्या करंज्यांची खोड काढली आणि ती मला म्हणाली, "लई बोलू नगा, रगात परत दीन." तिच्या पोरीच्या लग्नात मामा म्हणून मी उभा राहिलो. माझी बायको बाळंतपणातून उठली ती तिच्या हातचा डिंकाचा लाडू खाऊन. तिच्याइतकं मला दुसऱ्या कुणी हसवलं नाही. ती गेली तेव्हा मी सख्खी बहीण जावी तसा रडलो. सांगायला जागा पुष्कळ होती—शेतात, माजघरात, बसच्या वाटेवर. नाही सांगितलं. हे सुख मी चोरलेलं होतं, पण सुखच होतं, आणि ते मी पोटभर भोगलं.

पण साहेब! ते मी पुन्हा मागं टाकत होतो, बघा.

साहेबांनी वही समोर घेतली आणि सरळ विचार केला. रक्त तपासलं, तीनदा बरं निघालं, नंतर पुन्हा बरं निघालं. बसप्पाचं काम चोख. थांबलं ते घड्यांच्या दाबानं, इंजेक्शनांचा त्यात काय संबंध? मग वाहिलं कशामुळं? आत बांधलेली गाठ सुटली असणार. गाठ कुणी बांधली? त्यांनी. चोख माणूस चोख हिशेबानं चुकीच्या दारात गेला. त्यानंतर दोन-तीनदा त्यांनी चाकू हातात घेतला आणि हात थरथरतो म्हणून ठेवून दिला. हात थरथरत नव्हता. मी जवळ उभा होतो. मग त्यांनी कापायचं सोडलंच. गळू फोडायचं तेवढं करायचे. बाकी जो येईल त्याला सोलापूरला पाठवायचे, इंग्रजांच्या हद्दीत, बैलगाडीनं किंवा मिळेल त्या मोटारीनं. सगळेच पोचले असं नाही.

सशांचे पिंजरे निघाले. वहीच्या शेवटी साहेबांनी लिहून ठेवलं, की यकृताच्या रोग्यांत तिसऱ्या परीक्षेनं अधिक काही कळत नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी, राज्यं बदलल्यावर, मी दुसऱ्या दवाखान्यात होतो. तिथं पूड तयार, बाटलीबंद यायची. हात लावायचं काम नव्हतं. तिथं मी कावीळवाल्यांच्या तिन्ही परीक्षा मन लावून केल्या. कान ठीक, नळी ठीक, आणि तिसरी दुप्पट. एकदा नाही, अनेकदा. साहेबांचा कयास बरोबर होता. जे ते शोधत होते ते त्यांच्याच दवाखान्यात, माझ्याच पडद्याआड पडून होतं.

आता आलो मी तिथं. आणखी वळसा उरला नाही.

पोलीस ॲक्शन होऊन काही महिने झाले होते. साहेबांनी राजीनामा दिला, घर हैदराबादेला हलवलं. जायच्या दिवशी दुपारी टांगा दारात उभा होता, सामान चढलं होतं. ते एकटेच माझ्या खोलीत आले. मी नळ्या धूत होतो. ते स्टुलावर बसले, पान खाल्लं नव्हतं, आणि म्हणाले, "बसप्पा, एक बात पूछतौं, सच बोलना. तुम वहींच थे. कोंडाबाई की गाठ मेरे हाथ सेच छूटी ना?"

कोंडाबाई वाचून पाच वर्षं झाली होती. ते जाणार, पुन्हा भेटायचे नाहीत. वही सरकारदरबारी कुठं गेली देव जाणे. सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं? नोकरीही जात नव्हती. त्यांना मात्र त्यांचे हात परत मिळाले असते. पंचेचाळिशीचे होते, अजून पंधरा-वीस वर्षं चाकू धरला असता. हे सगळं मला त्या क्षणी दिसलं. नंतर सुचलं असं म्हणणार नाही. तेव्हाच दिसलं, स्वच्छ, हा कागद आत्ता समोर दिसतोय तसं.

मी म्हणालो, "हौ, साहेब."

त्यांनी मान हलवली. उठले, माझा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सब मेरा दिल रखने कू झूठ बोले, बसप्पा. तुम एकीच सच बोले. मेहरबानी."

टांगा गेला. मी उरलेल्या नळ्या धुतल्या, उपड्या घातल्या आणि घरी जाऊन जेवलो.